मुलांच्या काल्पनिक बेटावर भिरंड (कोकम) लावायचंय, झाडापासून कढीपर्यंत सगळं सांगा

डिचोलीचा मामा:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा खुळा वाटेल, पण इथे कुळागरवाले, म्हणजे बागायतवाले आहेत आणि रांधपीही आहेत, म्हणून इथेच विचारतो.

दर रविवारी हुमण-भात आटोपला की आमच्या सोप्यावर चार मुलं जमतात. दोन भाचरं, दोन शेजारची. फासे, पेन्सिली आणि कालनिर्णयच्या जुन्या पानामागे काढलेला एका बेटाचा नकाशा, एवढंच भांडवल. गोष्ट मी पुढे नेतो, मुलं गोष्टीतली माणसं होतात, अडलं की फासा टाकायचा. बेटाचं नाव धुकेर. डोंगर, दऱ्या, सात महिने पाऊस. जादू बेताची. तिथल्या मांत्रिकाला फार तर चूल पेटवता येते, तीही लाकडं सुकी असतील तर.

गेल्या रविवारी मंडळी भिजून-चिंबून एका खानावळीत शिरली. मी नेहमीसारखं म्हटलं, "मालकाने गरम सूप आणि पाव आणून ठेवला." अकरा वर्षांच्या भाचीने पेन्सिल खाली ठेवली. "मामा, हे लोक रोज सूपच पितात? कढी नाही करत? आणि सूप कसलं ते तरी सांग." मला सांगता येईना. तीन महिने ही पोरं त्या बेटावर राक्षस मारत फिरतायत आणि तिथल्या माणसाच्या ताटात काय पडतं ते मलाच ठाऊक नाही! मी कॅश काउंटरवर बसणारा माणूस. दहा रुपये कमी भरले तरी रात्री झोप लागत नाही, तसं झालं.

तेव्हा ठरवलं की धुकेरवर एक फळ असेल, आपल्याकडे भिरंड आहे तसं. कोणी त्याचं कौतुक करत नाही, पण ज्या घरात ते नाही त्या घरी पाहुणे जेवायला बसत नाहीत. मुलांनी त्याला लगेच नाव दिलं, 'रगतफळ'. बारा वर्षांच्या मुलांकडून दुसरी काय अपेक्षा!

मला भिरंडाचं जे माहीत आहे ते सगळं सत्तरीतल्या आजोळचं. परसात न्हाणीमागे एक झाड होतं, खाली झुकलेल्या फांद्यांचं. मे महिन्यात आजी विळी घेऊन बसायची, आणि आम्ही बिया चोखून भिंतीवर थुंकायचो. भिंत चुन्याची होती. तिथे निळसर डाग पडायचे आणि मग आमच्या पाठीवरही पडायचे. पण झाड कधी लावलं, किती वर्षांनी धरलं, सोलं, म्हणजे सुकवलेल्या साली, काळी कशी होतात, यातलं काही विचारलं नाही. आता आजी नाही आणि ते झाडही नाही.

तर मला असं विचारायचं आहे. मुलांनी खेळात बी पेरलं तर त्यांच्या पात्रांना फळ बघायला मिळेल का, की म्हातारी होतील? सात महिने पाऊस असलेल्या ठिकाणी सोलं सुकवणार कशी? धुकेरच्या वरच्या गावांत थंडीमुळे माड नाहीत, मग नारळाशिवाय कढी होते का? आणि एखादी जादूसारखी गोष्ट या फळात खरोखरच असेल तर सांगा. मी ती बनवून सांगितली तर भाची ओळखते.

केरीची कुळागरवाली:

मामा, प्रश्न खुळा नाही. आमच्या घरात सगळे डॉक्टर-इंजिनियर झाले, भिरंडाबद्दल कोणी विचारलं की मला बरं वाटतं.

सगळ्यात आधी ही गोष्ट ऐका, तुमचा अख्खा खेळ हिच्यावर चालेल. भिरंडाची झाडं नर आणि मादी वेगळी असतात. नराला फळ नाही. आणि रोप बघून नर की मादी ते कळत नाही. पानं सारखीच, कोवळी पालवी दोघांचीही लाल, वाढही सारखीच. बी पेरलं की सात-आठ वर्षं शेण-पाणी घालायचं, वाळवी आवरायची, आणि मग एका थंडीत पहिली फुलं आली की समजणार. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. म्हणजे नाणंच उडवायचं, फक्त ते खाली पडायला सात वर्षं लागतात.

माझंच सांगते. लग्न होऊन आले तेव्हा हौसेने एका रोपवाटिकेतून सहा रोपं आणली. "सगळी मादीच आहेत वहिनी, खात्रीने न्या," असं सांगून दिली होती. त्यांना तरी काय दिसणार होतं, पण पैसे कलमांचे घेतले ते घेतलेच. आठव्या वर्षी चार नर निघाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दर मेमध्ये त्या चार झाडांखाली जाऊन वर बघायच्या, तेवढंच.

म्हणून शहाणी माणसं कलम लावतात. चांगल्या धरणाऱ्या मादीची काडी घेऊन रोपावर बांधायची, मग नर-मादीचा प्रश्नच नाही आणि चार-पाच वर्षांत फळ. त्यातही एक मेख आहे. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याची घ्यायला हवी. आडव्या फांदीची घेतली तर कलम जगतं, पण आडवंच पसरत राहतं, वेलीसारखं जमिनीलगत. झाड असं होतच नाही. नवशिक्याने बांधलेलं कलम दहा पावलांवरून ओळखता येतं. तुमच्या बेटावर एखादी म्हातारी कलमवाली ठेवा. राजासुद्धा तिच्या दारात चप्पल काढून उभा राहील.

नर सगळे तोडायचे नाहीत हं. दहा माद्यांमागे एखादा नर हवा, नाहीतर फळधारणा बेताची होते. आमच्या चारातला एक मी ठेवला, तीन गेले.

बी पेरायचं तर ताजंच पेरायला हवं. भिरंडाचं बी सुकलं की मेलं. तुमची पोरं खिशात बी घेऊन दोन महिने समुद्र ओलांडणार असतील तर पलीकडे काही उगवणार नाही, हे आधीच सांगून ठेवा. ओल्या मातीत गुंडाळून नेलं तर थोडीफार आशा.

जागा म्हणाल तर याला वेगळं शेत लागत नाही. आमच्याकडे कुळागरात सुपारी उंच, तिच्यावर मिरीचा वेल, खाली केळी, आणि बांधाच्या कडेला, पाटाच्या काठाला भिरंड. सावली चालते, उतार चालतो. खत कोणी मुद्दाम घालत नाही, कीड फारशी नाही. फुलं नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, फळ एप्रिल-मेमध्ये पिकतं. सगळं एकदम पिकत नाही, आज टोपलीभर, परवा दोन टोपल्या. हिरवं, मग लाल, मग जांभळट काळं. आम्ही पूर्ण लाल झाल्याशिवाय काढत नाही. उंच फांद्यांवरची काढणं कटकटीचं, खाली जाळं धरून हलवायची. माकडं आधी पोचतात. ती फोडून आतला गोड गर आणि बिया घेतात आणि नेमकी आपल्याला हवी असलेली साल खाली टाकतात. एका अर्थाने मदतच, पण चिखलात पडलेली साल कोण वेचणार?

आता तुमच्या पावसाचं. खरी शर्यत तिथेच आहे. फळ पिकतं मेमध्ये, मिरग लागतो जूनच्या ७-८ तारखेला. मधल्या तीन-चार आठवड्यांत तोडायचं, फोडायचं, सुकवायचं. २०२५ साली मान्सून मेच्या शेवटच्या आठवड्यातच गोव्यात येऊन बसला. आमची अर्धी भिरंडं तेव्हा झाडावर होती. पावसात फळ फुगतं, तडकतं, गळतं. दुसऱ्या दिवशी कुळागरात आंबूस वास आणि लाल पाणी. धुकेरवर सात महिने पाऊस असेल तर तिथल्या लोकांना तारखेचं पंचांग लागणार नाही, भिरंडाच्या रंगावरून ते सगळं मोजतील.

आणि 'रगतफळ' नको हो. भिरंडच ठेवा. मुलं एकदा म्हणायला लागली की तोंडात बसेल.

हापूसभक्त मडगाव:

एवढं बेट काढलंत आणि त्यावर भिरंड? मानकुराद आंबा लावा की! नाहीतर काजू. एक बोंडू, त्याचा नीरो, नीरोची उर्राक, उर्राकची फेणी, वर बी भाजून खा. एका झाडात चार गावांचं भांडण होईल.

डिचोलीचा मामा:

हापूसभक्त, मुलं बारा वर्षांची आहेत. त्यांच्या आया मला फेणीच्या भाटीत घालतील. आणि नाव हापूसचं लावून शिफारस मानकुरादची, हे काय गौडबंगाल?

जुनी कागदं:

काजूबद्दल एक लक्षात ठेवा. तो मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. मिरची, अननस, पपई, पेरू ही मंडळीही तिकडूनच आलेली. भिरंड मात्र सह्याद्रीचंच. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या ग्रंथात बोरांच्या शेजारी त्याची दखल आहे, पोर्तुगीज नाव 'ब्रिंदाँव'. ते आपल्या भिरंडावरूनच घेतलेलं.

याचा तुमच्या खेळाला उपयोग असा, की धुकेरवर बाहेरची गलबतं आलेली नसतील तर तिथल्या कढीत मिरचीही असता कामा नये. तिखटासाठी मिरी घाला, ती कुळागरात आहेच. तिरफळ घाला, तेही सह्याद्रीचंच. भाची चौकस दिसते. "यांच्याकडे मिरची कुठून आली?" असं आज ना उद्या विचारेलच.

म्हापशाची खाणावळवाली काकू:

सोळा वर्षं खाणावळ चालवते, रोज कढी करते, तेव्हा या विषयात मला कोणी गप्प बसवू नये.

मामा, तुम्ही फळाचं विचारलंत पण मिठाचं विचारलंच नाही. मिठाशिवाय भिरंड म्हणजे दोन दिवसांचा खेळ. आमचं माहेर पेडण्याचं, आगरवाड्याच्या मिठागरांजवळचं. मीठ पिकतं उन्हाळ्यात, पहिला पाऊस पडला की मिठागर संपलं. आणि भिरंडही नेमकं तेव्हाच. डोंगरातून भिरंडं खाली येतात, खाडीवरून मीठ वर जातं. पुरुमेंताच्या दिवसांत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी भरताना, दोन्ही एकाच बाजारात भेटतात. तुमच्या नकाशावर डोंगर आहे, दर्या आहे. मधे बाजाराचं गाव काढा. जादूगारांच्या लढाईपेक्षा तिथे जास्त गंमत येईल. एका वर्षी मिठकऱ्यांनी भाव वाढवला तर डोंगरवाल्यांचं काय होईल? टाका फासा.

आता सोलं. फळ अर्धं कापायचं, बिया-गर एका भांड्यात, साली दुसरीकडे. भांडं मातीचं, लाकडाचं किंवा काचेचं. ॲल्युमिनियमला लावू नका, आंबट त्याला खातं आणि मग आपण ते खातो. गरात मीठ घालून ठेवलं की लाल रस सुटतो. साली दिवसभर उन्हात, रात्री त्या रसात. सकाळी परत उन्हात. याला पुटं देणं म्हणतात. एका पुटाची सोलं बाजारात मिळतात, तांबूस आणि चामड्यासारखी, त्यांना चव नाही. माझी आई पाच-सहा पुटं द्यायची. प्रत्येक पुटाला साल थोडी काळी, थोडी मऊ, थोडी जड होते. शेवटी बोटांनी दाबली तर चिकटते आणि नख लावलं तर आतून जांभळी दिसते. ती चांगली. डबा उघडला की तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. नाही सुटलं तर परत करा.

ऊन नसेल तर? चुलीवर कामट्यांची ताटी बांधायची आणि धुरावर सुकवायची. धुराचा वास लागतो, तो वाईट नसतो. सुक्या माशाच्या कालवणात तर छान लागतो. धुकेरची सोलं अशीच असणार, धुरकट. तुमच्या बेटाचा वासच तो. पोरं अंधारात गाव जवळ आलं हे त्या वासावरून ओळखतील.

ज्यांना सुकवायला वेळ नाही त्यांनी आगळ करावं. बरणीत सालींचा थर, मिठाचा थर, सालींचा थर, असं भरून ठेवायचं, रोज हलवायचं. आठवड्याभरात गडद रस सुटतो. गाळून बाटलीत भरला की वर्षभर टिकतो. साखरेत घातलं तर सरबताचा पाक होतो. पण तुमच्या बेटावर ऊस आहे का ते आधी बघा.

नारळ नाही म्हणता? मग फुटी कढी. सोलं कोमट पाण्यात अर्धा तास, चांगली कुसकरायची, गाळायचं. लसणीच्या दोन पाकळ्या ठेचून, मिरी ठेचून, कोथिंबीर हातानेच चुरून. हिंग असला तर चिमटीभर. मीठ शेवटी, चाखून, कारण सोलांत मीठ असतंच. माझ्याकडे कामाला नवीन आलेली प्रत्येक बाय पहिल्या दिवशी इथेच चुकते आणि अख्खं पातेलं खारट होतं. माडाच्या गावात उतरलात की हीच कढी नारळाच्या रसात करायची, गुलाबी होते. ती मात्र चुलीवर ठेवायची नाही, फाटते. म्हणजे वरच्या गावची कढी लाल आणि पारदर्शक, खालच्या गावची गुलाबी आणि दाट. दोन्ही गावं एकमेकांना नावं ठेवणार. आमच्याकडे घराघरांत ठेवतात.

हुमणात सोलं अगदी शेवटी. बांगडा, ठेचलेली तिरफळं, आणि उतरवायच्या आधी चार-पाच सोलं. फार उकळली तर रस्सा काळपट होतो आणि दात आंबतात. शाकाहारी दिवशी खतखत्यात घाला. माणूस पित्ताने हैराण झाला तर सोलं भिजवलेलं पाणी द्यायचं, अंगावर पित्त उठलं तर तेच पाणी अंगाला चोळायचं.

बिया टाकू नका! वाळवायच्या, फोडायच्या, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा. वर तेल तरंगतं, ते निवलं की पांढरं, घट्ट होतं. मुठीत दाबून गोळे करायचे. हे भिरंडेल. खोलीत ठेवलं तर दगडासारखं, तळहातावर घासलं तर वितळतं. थंडीत पाय फुटले की आजी गोळा पळीत घालून दिव्यावर धरायची आणि कोमट थेंब भेगेत सोडायची. जो ओरडायचा त्याला दुसऱ्या पायालाही. तुमचे वीर एवढे चालतात, कोणाच्या पायाला भेगा पडत नाहीत का?

रसायनवाले सर:

जादूचं मी सांगतो. मामांनी स्वतःच लिहिलं आहे आणि त्यांच्या लक्षात आलेलं नाही. चुन्याच्या भिंतीवर निळसर डाग!

भिरंडाचा लाल रंग ज्या रंगद्रव्यांमुळे येतो ती अँथोसायनिन गटातली आहेत. आंबटात ती लाल राहतात, क्षारात गेली की रंग बदलतात. चुना क्षारधर्मी, म्हणून भिंतीवर निळं. सोलकढीचा हात साबणाने धुताना फेस निळसर-जांभळा होतो तो याचमुळे. प्रयोग घरी करा. सोलांचं पाणी तीन ग्लासांत घ्या. एकात लिंबू, एकात काही नाही, एकात खाण्याच्या चुन्याची निवळी थेंब-थेंब. शेवटचा ग्लास जांभळट, निळसर, मग मळकट हिरवट होत जातो. हा ग्लास प्यायचा नाही.

बेटावर वापरायचं तर, कोणाच्या विहिरीत चुना मिसळलाय का, राखेचं पाणी कुठलं, हे भिरंडाच्या फडक्याने ओळखणारा माणूस ठेवा. लोक त्याला मांत्रिक म्हणतील. त्याने नाही म्हणायची गरज नाही.

आंबटपणा मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाचा. आणि हे झाड मँगोस्टीनचं भावंड आहे, एकाच कुळातलं. तो गोड निघाला, हे आंबट.

डिचोलीचा मामा:

मंडळी, काल रविवार झाला. सविस्तर लिहितो, तुमचा हक्क आहे.

आधी सगळ्यांना सोपा सोडून स्वयंपाकघरात नेलं. बायकोने तीन ग्लास मांडले. मी मांत्रिकाचा आवाज काढून चुन्याची निवळी सोडायला लागलो. तिसऱ्या थेंबाला रंग सरकला. शेजारचा मुलगा म्हणाला, "हे खरं नाही, खाली मोबाईल ठेवलाय." ग्लास उचलून बघितला. मग स्वतः सोडून बघितलं. मग लिंबू पिळून तो परत लाल करायला निघाला, आणि निवळीपेक्षा लिंबं जास्त लागली. चार लिंबं गेली, बाजारात भाव काय आहे तो बघा.

मग खेळ. खानावळवाल्याने फुटी कढी आणून ठेवली, आणि खऱ्या जगात बायकोनेही ठेवली. मिरीची. दोघांनी पेला संपवला, एकाने नाक धरून, एकाने "सूपच बरं होतं" म्हणून मला दिला. चालायचंच.

कलमवाली म्हातारी घातली. तिच्या दारात चपला काढून उभं राहणं मुलांना आवडलं, पण तिचा भाव ऐकून पोरांनी कलम नाकारलं आणि बी पेरलं. चार पात्रं, चार बिया. सात वर्षं खेळात सरकवली. या सात वर्षांत दोन राक्षस, एक महापूर आणि मिठकऱ्यांशी एक भांडण. भाव वाढला तेव्हा भाचीच्या पात्राने डोंगरातली मिरी देऊन मीठ आणलं. मी सुचवलं नव्हतं, काकू, शपथेवर सांगतो. मग फुलं आली, आणि मी एकेकाच्या हातात फासा दिला. सम आला तर मादी, विषम आला तर नर.

मादी, मादी, मादी. भाचीचा तीन पडला.

पोरगी गप्प झाली. तिनेच सगळ्यात जास्त पाणी घातलं होतं, वहीत रेघा मारून मोजलं होतं. मी कुऱ्हाडीचं नाव काढलं तर म्हणाली, "हात लावून बघ." मी म्हटलं, अगं, नराशिवाय बाकीच्या तिघी नीट धरणार नाहीत, तुझं झाड नसतं तर यांना काय मिळालं असतं? तिने बाकीच्या तिघांकडे बघितलं. "मग यांच्या भिरंडात माझा वाटा." त्यावर पाऊण तास वाटाघाटी झाल्या. शेवटी दर टोपलीमागे दहा सोलं आणि एक भिरंडेलाचा गोळा असं ठरलं. कागदावर लिहून सह्या घेतल्या. राक्षस त्या दिवशी आलाच नाही, वेळच उरला नाही.

जाताना एकाने विचारलं, "मामा, तुमच्या परसात का नाही हे झाड?" परसात जागा आहे, म्हणजे स्कूटर ठेवतो ती जागा. कुळागरवाल्या वहिनी, एक कलम मिळेल का? मादीच हवं, खात्रीचं.

केरीची कुळागरवाली:

मिळेल. सरळ शेंड्याचं, माझ्या हातचं. पण एकच लावून भागणार नाही. आजूबाजूला कोणाच्या परसात नर आहे का ते आधी बघून घ्या. नसला तर सोबत बियांपासून झालेली दोन रोपं देते, ती काय निघतील ते सात वर्षांनी कळेल. तोवर स्कूटर दुसरीकडे लावा. मिरग लागला की या, येताना ओलं गोणपाट आणा. आणि भाचीला घेऊन या, आमच्या नराखाली उभी करते.